नऊ कामकऱ्यांना किती मोठं घर लागतं?

लातूरहून एका तरुण मित्राने विचारलं आहे. मृगाच्या पावसानंतर अंगणातल्या दिव्याखाली त्यांना काळ्या मुंगळ्याची राणी सापडली, पंख गळालेली. त्यांनी ती परीक्षानळीत ठेवली. पोळ्याच्या सुमाराला तिच्या पहिल्या नऊ कामकरी निघाल्या. मग त्यांनी ऑनलाइन आठ खोल्यांचं ॲक्रिलिकचं घर मागवलं आणि नळी हलके हलके आपटून सगळ्यांना त्यात उतरवलं. आठवड्याभरात तीन कामकरी मेल्या, अंडी दिसेनाशी झाली आणि राणी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली आहे. साखरपाणी, मध, झुरळाचा तुकडा, सगळं ठेवून पाहिलं. त्यांचे प्रश्न दोन: खायला नेमकं काय द्यायचं? आणि 'कार्पेंटर अँट' लाकडात राहतात असं वाचलंय, तर घरात लाकूड ठेवायचं का?

लाकडाचं आधी सांगतो, कारण ते लवकर संपतं. नाही, ठेवू नका. 'कार्पेंटर अँट' म्हणतात ते कॅम्पोनोटस या प्रजातीसमूहातल्या मुंग्यांना. त्यांतल्या थंड देशांतल्या काही जाती कुजक्या, ओल्या लाकडात दालनं कोरतात. त्यासुद्धा लाकूड खात नाहीत, भुसा बाहेर टाकतात. लाकूड खाते ती वाळवी, आणि तिचा मुंग्यांशी जवळचा संबंध नाही. आपल्याकडचा काळा मुंगळा म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने 1787 साली त्याचं वर्णन केलं. तो मातीत घर करतो, बहुतेकदा झाडाच्या बुंध्याशी. तुमच्या भागात बाभळीच्या किंवा कडुलिंबाच्या खोडापाशी उकरलेल्या मातीचा ढीग आणि त्यावरून चढणारी-उतरणारी काळी रांग तुम्ही पाहिली असेलच. त्यामुळे त्याला हवी ती किंचित ओल, अंधार आणि अंगाला लागून असलेली भिंत.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही खाण्याबद्दल विचारलंय, पण तुमची अडचण खाण्याची वाटत नाही. नऊ जणांच्या कुटुंबाला तुम्ही मोकळा वाडा दिलात, आणि तो देताना त्यांना घाबरवलंत. या दोन्ही गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राणीच्या शरीरात या तीन महिन्यांत काय झालं ते आधी पाहू. पंख गळाल्यावर ती स्वतःला कोंडून घेते आणि काहीच खात नाही. उडण्याचे स्नायू आता तिला नकोत, ते ती आतल्या आत जिरवते. ते आणि अंगातली चरबी एवढ्याच भांडवलावर ती पहिली मोजकी अंडी वाढवते, अळ्यांना तोंडाने भरवते. म्हणून पहिली पिढी बारकी आणि नाजूक निघते. बाहेर झाडावर दिसणाऱ्या मोठ्या डोक्याच्या मुंगळ्यांशी तिची तुलना करू नका. मोठ्या डोक्याच्या कामकरी वसाहत बरीच वाढल्यावरच येतात. पहिली पिढी बाहेर पडते तेव्हा राणीची शिल्लक जवळजवळ संपलेली असते. इथून पुढे तिच्या पोटात जे जाईल ते या नऊ जणींनी आणलेलं असेल. तिघी गेल्या म्हणजे एक तृतीयांश हात गेले. मोठ्या वसाहतीत तीन मुंग्या मेल्याचं कळतही नाही. तुमच्याकडे मात्र एकेका कामकरीवर पुढची पिढी अवलंबून आहे.

तिघी का मेल्या असाव्यात? माझा पहिला संशय नळी आपटण्यावर आहे. मुंगळा डंख मारत नाही. घाबरला की पोटाच्या टोकातून फॉर्मिक आम्ल सोडतो. उघड्यावर ते उडून जातं. बंद नळीत किंवा झाकण लावलेल्या छोट्या खोलीत त्याची वाफ कोंडते आणि त्यांच्याच अंगावर येते. घाईने हलवाहलव केल्यावर एक-दोन दिवसांत कामकरी पटापट मरतात, तेव्हा मी पहिल्यांदा याच कारणाकडे पाहतो. हे तिघींच्या मरण्याच्या वेळेवर अवलंबून आहे. हलवल्यानंतर लगेच मेल्या असतील तर कारण हेच असण्याची शक्यता जास्त. पाच-सहा दिवसांनी एकेक करून मेल्या असतील तर कोरडेपणा किंवा विषारी खाणं याचा विचार करावा लागेल. तुम्ही लिहिलंय की झुरळाचा तुकडा दिला. ते झुरळ कुठलं होतं? घरात औषध मारलेलं असेल, मुंग्यांच्या खडूच्या रेषा ओढलेल्या असतील, तर मरणाला टेकलेलं झुरळच सहज हाती लागतं, आणि त्याच्या अंगात औषध असतं.

अंडी कुठे गेली याचं उत्तर बहुधा राणीच्या पोटात आहे. ताण आला, जागा असुरक्षित वाटली की राणी आणि कामकरी अंडी खाऊन टाकतात. ते भांडवल वाया जात नाही, शरीरात परत येतं. जागा स्थिर झाली की ती पुन्हा अंडी घालते. राणी धट्टीकट्टी चालत असेल, पाय ओढत नसेल, तर तुमची वसाहत अजून हातातून गेलेली नाही.

मोठ्या घराचा त्रास कसा होतो हेही समजून घ्या. निसर्गात राणीची पहिली खोली तिच्या अंगापेक्षा थोडीशीच मोठी असते. कामकरी वाढतील तसं त्या घर खोदत नेतात, म्हणजे जागा आणि माणसं बरोबरीने वाढतात. आठ खोल्यांत सहा जणी विखुरल्या की राणीजवळ कोणी थांबत नाही, अंडी-अळ्या चाटून स्वच्छ ठेवायला कोणी उरत नाही. रिकाम्या खोल्यांत त्या उष्टं आणि मेलेल्यांची अंगं नेऊन टाकतात. तिथे बुरशी येते, आणि तुमचा हात तिथे पोहोचत नाही. बहुतेक मुंग्यांच्या छातीच्या मागच्या भागात जंतुनाशक स्राव सोडणारी एक ग्रंथी असते, कॅम्पोनोटसच्या बहुतेक जातींत ती नाही. त्यांची स्वच्छता चाटण्यावर आणि आम्लावर चालते. म्हणून हात कमी आणि भिंती जास्त, हा हिशेब त्यांना परवडत नाही.

तेव्हा त्यांना परत नळीत आणा. शहरात कॉलेजला प्रयोगशाळेचं सामान पुरवणारी दुकानं असतात, तिथे पंधरा सेंटिमीटर लांबीची, दीडेक सेंटिमीटर रुंद तोंडाची काचेची नळी मिळते. तिच्यात एक तृतीयांश पाणी भरा, कापसाचा घट्ट बोळा पाण्याला लागेपर्यंत ढकला आणि नळी उलटी करून पाहा. थेंब गळता कामा नये. बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडचं पाणी जड असतं, पुढे मुंग्यांसाठी पीओपीचं (प्लास्टर ऑफ पॅरिसचं) घर केलंत तर त्यात क्षारांचे पांढरे थर बसतात, म्हणून सवय आतापासूनच लावा. पिण्याच्या जारचं पाणी किंवा स्वच्छ भांड्यात धरलेलं पावसाचं पाणी चांगलं.

ही नळी काळ्या चार्टपेपरमध्ये गुंडाळा आणि ॲक्रिलिकच्या घराच्या तोंडाला जोडा. घरातली ओल बंद करा आणि त्याच्यावर साधा उजेड येऊ द्या. ऊन नको, कडक बल्ब नको, फक्त खिडकीचा उजेड. मग हात लावू नका. एका रात्रीत जातील, नाहीतर चार-पाच दिवस घेतील. एखादी कामकरी आधी पाहून येते, मग कोष आणि अळ्या उचलून नेते, राणी बहुतेकदा शेवटी हलते. आपटणं, फुंकणं, काडीने ढकलणं यातलं काही करायचं नाही. सगळ्या आत गेल्या की नळीचं तोंड कापसाने अर्धवट बंद करा, एक मुंगी जाईल एवढी फट ठेवा, आणि ती नळी एका छोट्या झाकणाच्या डब्यात आडवी ठेवा. श्रीखंडाचा पारदर्शक झाकणाचा डबा चालतो. तो डबा म्हणजे त्यांचं अंगण: खाणं तिथे, कचरा तिथे, नळी स्वच्छ. झाकणाला सुईने बारीक भोकं पाडा.

डब्याच्या कडेचं इथल्या हवेप्रमाणे बघावं लागतं. मुंगळा गुळगुळीत प्लास्टिक सहज चढतो. टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून आतल्या कडेला पट्टा ओढला की तो वाळल्यावर त्यांचे पाय घसरतात. उन्हाळ्यात हे उत्तम चालतं, पावसाळी दमट हवेत पावडर ओल धरते आणि निकामी होते. तेव्हा पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. मे महिन्यात मात्र जेली पातळ होऊन ओघळते, त्या वेळी परत पावडर. दोन्हींवर विसंबण्यापेक्षा घट्ट बसणारं झाकण बरं.

आता तुमचा खरा प्रश्न, खाणं. प्रौढ कामकरी घन पदार्थ गिळू शकत नाहीत, त्यांच्या तोंडातली गाळणी फक्त रस आत जाऊ देते. त्यांचं इंधन गोड पाणी. प्रथिनं लागतात ती वाढणाऱ्या अळ्यांना आणि अंडी घालणाऱ्या राणीला. म्हणून मी आधी नळीत अळ्या किती आहेत ते पाहतो आणि मग कीटक देतो. अळ्या नसतील तर नुसतं गोड, आणि अधूनमधून कीटकाचा अगदी बारीक तुकडा राणीसाठी. अळ्या दिसायला लागल्या की आठवड्यातून दोनदा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा. अंगणातल्या वसाहतीही असंच वागतात. तुरीच्या आणि बाभळीच्या फांद्यांवर रस शोषणाऱ्या किड्यांना मुंगळे राखतात ते त्यांच्या गोड स्रावासाठी. दोडका-घोसाळ्याच्या वेलावर फुलांबाहेरच्या ग्रंथींतून येणारा गोड रस ते चाटत असतात. त्यांच्या खाण्यात गोड मोठं असतं.

याला आणखी एक कारण आहे. या मुंग्यांच्या आतड्याच्या भिंतीतल्या पेशींमध्ये ब्लॉखमानिया नावाचे जीवाणू राहतात. ते टाकाऊ नायट्रोजनपासून अमिनो आम्लं बनवून मुंगीला देतात. निकृष्ट अन्नावरही त्या तगून राहतात त्या यामुळे. याचा तुमच्यापुरता अर्थ असा: बुरशी दिसली म्हणून पाण्यात कुठलंही प्रतिजैविक मिसळू नका. प्रतिजैविकाने बुरशी जात नाही, हे जीवाणू मात्र मारले जातील, आणि त्याचा फटका अळ्यांना बसेल. कापसावर थोडी काळपट बुरशी आली तर घाबरण्याचं कारण नाही. ती अंड्यांच्या दिशेने पसरायला लागली तर नवी नळी शेजारी ठेवा आणि जुनीवर उजेड येऊ द्या.

साखरपाणी एकास चार प्रमाणात, म्हणजे एक भाग साखर आणि चार भाग पाणी. मध असेल तर तोही पाणी घालून पातळ करा, नाहीतर बारक्या कामकरी त्यात चिकटून मरतात. गूळ चालतो, पण आपल्या हवेत गुळाचं पाणी लवकर आंबतं. थेंब प्लास्टिकच्या चकतीवर द्या, तोही त्यांच्या डोक्याएवढा, आणि दुसऱ्या दिवशी चकती काढून घ्या. कामकरीचं पोट फुगून त्यावरच्या कड्या एकमेकींपासून लांब गेलेल्या दिसल्या म्हणजे ती पुरेसं प्यायली. थोड्या वेळाने ती इतरांना तोंडातून तोंडात भरवताना दिसेल. हे दिसलं की खाण्याची काळजी सोडा.

कीटकांच्या बाबतीत लातूरकरांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो: सोयाबीनच्या शेतातला नाकतोडा आणू नका. खरिपात फवारणी चालू असते आणि त्यातून वाचलेला किडाही अंगावर औषध घेऊन येतो. फवारणी नसलेल्या गवतातला नाकतोडा, दिव्यावर आलेला पतंग, रातकिडा हे चालतं. वाळवी मिळाली तर सगळ्यात उत्तम, मऊ असते आणि बारक्या कामकरींनाही फोडता येते. जिवंत किडा देऊ नका. इतक्या लहान वसाहतीला तो इजा करतो. उकळत्या पाण्यात काही क्षण बुडवा, त्याने त्याच्या अंगावरचे कोळी-माइट्सही मरतात, मग कापून तुकडा द्या. उकडलेल्या अंड्याच्या बलकाचा कणही अडीनडीला चालतो. चोवीस तासांनी उरलेलं बाहेर. तुम्ही सगळं एकदम ठेवून पाहिलंत, त्याऐवजी एका वेळी एकच ठेवा, म्हणजे काय उचललं ते तुम्हालाही कळेल.

आजपासून करायचं ते एवढं: नळी तयार करून जोडा, त्या स्वतः जाईपर्यंत थांबा, साखरपाण्याचा एक थेंब द्या, आणि मग आठवड्यातून एकदाच बघा. रोज उघडून पाहण्याचा मोह मी समजू शकतो, नव्या वसाहतीचं प्रेम असंच असतं. पण प्रत्येक वेळी कागद सरकवला की त्या अळ्या उचलून पळतात आणि तेवढा वेळ भरवणं थांबतं. पाहायचंच असेल तर लाल जिलेटिन कागद गुंडाळा. लाल उजेड त्यांना फारसा दिसत नाही.

जागा कुठली, हेही महत्त्वाचं. सणासुदीचे दिवस आहेत, रस्त्याच्या बाजूच्या भिंती डीजेने हादरतात. मुंग्यांना हवेतल्या आवाजापेक्षा जमिनीतून येणारा हादरा फार जाणवतो. रस्त्यापासून लांबची खोली निवडा, डब्याखाली फोमचा तुकडा ठेवा, फ्रिज आणि मिक्सर असलेला ओटा टाळा. डासांची कॉइल, लिक्विडची मशीन, उदबत्ती त्या खोलीत नको. गल्लीत डासांचा धूर सोडायला गाडी आली की खिडक्या लावून घ्या. ही औषधं कीटकांसाठीच बनवलेली असतात आणि त्यांना डास-मुंगी हा फरक कळत नाही.

तापमान अठ्ठावीस-तीस अंशांच्या आसपास असेल तर अंड्यापासून कामकरी व्हायला साधारण दीड महिना लागतो. म्हणजे आता घातलेली अंडी दिवाळीच्या आगेमागे निघतील. त्यानंतर वेग मंदावेल. डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यात रात्रीचा पारा बराच उतरतो, आमच्या परभणीला तर कित्येकदा दहाच्या खाली जातो. त्या दिवसांत अंडी कमी, अळ्या आहेत तशाच थांबलेल्या, कामकरी एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतील. हे आजारपण नाही. युरोपातल्या लोकांचे व्हिडिओ पाहून नळी फ्रिजमध्ये ठेवू नका. ती हिवाळी झोप तिकडच्या जातींना लागते, आपल्या मुंगळ्याला नाही. रात्री डबा कपाटात ठेवला की पुरे.

खरी परीक्षा एप्रिल-मे. लातूर-बीडकडे हवा बेचाळीस अंशांवर आणि कोरडी, त्यात पत्र्याची खोली असेल तर नळीतलं पाणी काही दिवसांत उडतं. निसर्गात मुंगळे त्या वेळी मातीत खोल उतरतात, नळीत त्यांना उतरायला जागा नसते. जुन्या माळवदाचं घर असेल तर भिंतीतला कोनाडा याहून चांगली जागा नाही. सिमेंटच्या घरात दोन मडकी घ्या, लहान मडकं मोठ्यात ठेवा, मधल्या फटीत ओली वाळू भरा आणि लहान मडक्यात डबा ठेवा. आपल्या कोरड्या हवेत वाळूतलं पाणी झपाट्याने उडतं आणि आत चांगला गारवा राहतो. वाळूवर रोज पाणी शिंपडा. कूलरच्या थेट झोतात डबा ठेवू नका. नळी दुपारी तापून रात्री गार झाली की आत दव धरतं आणि अंडी काचेला चिकटतात, म्हणून दिवसरात्रीचा फरक कमी ठेवणं हे गारव्याइतकंच महत्त्वाचं.

आणि ते आठ खोल्यांचं घर? फेकू नका. नळीत राणीला वळायला जागा उरत नाही आणि अंगणात दिवसाही चार-सहा कामकरी फिरत असतात, म्हणजे वसाहत तीस-चाळीसच्या पुढे गेलेली असते, तेव्हा ते जोडा. जोडताना दोनच खोल्या उघड्या ठेवा, बाकीच्यांची वाट कापसाने बुजवा. मी स्वतः ॲक्रिलिकपेक्षा एएसी ब्लॉकचं, म्हणजे बांधकामात वापरतात त्या हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटेचं घर पसंत करतो. कुठल्याही बांधकामावर त्याचे तुटके तुकडे पडलेले असतात, पटाशीने किंवा स्क्रूड्रायव्हरने सेंटिमीटरभर खोल दालनं सहज कोरता येतात, वरून काच लावायची. एका टोकाला खड्डा करून त्यात पाणी सोडलं की ब्लॉक ते शोषतो आणि दुसऱ्या टोकापर्यंत ओल हळूहळू कमी होत जाते. अंडी ओल्या बाजूला आणि कोष कोरड्या बाजूला कामकरी स्वतःच लावून घेतात, तुम्हाला अंदाज करत बसावं लागत नाही.

मेलेल्या तिघींच्या जागी अंगणातले मुंगळे पकडून टाकण्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या. दुसऱ्या वसाहतीच्या कामकरी राणीला मारतात, आणि त्या झटापटीत पुन्हा आम्ल सोडलं जातं.

पुढचं सांगायला मला तीन गोष्टी कळायला हव्यात: तिघी हलवल्यानंतर किती दिवसांनी मेल्या, उरलेल्या सहा जणींपाशी एखादा कोष किंवा अळी आहे का, आणि तुमच्या खोलीचं छत पत्र्याचं आहे की सिमेंटचं. कोष असेल तर वाट पाहणं सोपं आहे, कारण त्यातून नवी कामकरी लवकरच येईल. काहीच नसेल तर राणीच्या पोटाकडे पाहा. ते भरलेलं आणि गोल असेल तर साखरपाण्यावर महिनाभर थांबायला हरकत नाही. ते चपटं आणि सुरकुतलेलं दिसलं तर मला त्याच दिवशी कळवा.